पाचचा आकडा

जळकोट तालुका लातूर जिल्ह्याच्या अगदी कडेला आहे. जळकोटहून मुखेडच्या दिशेने निघालात की वाटेत कोठेतरी जिल्हा बदलतो आणि नांदेड जिल्हा सुरू होतो. ही शीव डोळ्यांना दिसत नाही. इकडचे रान आणि तिकडचे रान सारखेच. पण २०२४ च्या एप्रिल महिन्यात या शिवेला थोडे दिवस मोठे महत्त्व आले होते.

त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत नांदेड मतदारसंघाचे मतदान २६ एप्रिलला झाले आणि लातूरचे ७ मे रोजी. मुखेड तालुका नांदेड मतदारसंघात येतो, जळकोट लातूरमध्ये. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या १२६ व्या कलमाप्रमाणे मतदान संपण्याच्या वेळेआधी ४८ तास त्या भागात सभा आणि जाहीर प्रचार बंद करावा लागतो. मतदाराला दोन दिवस शांतपणे विचार करता यावा, हा त्यामागचा हेतू. म्हणजे २४ एप्रिलच्या संध्याकाळी मुखेडकडचे कर्णे बंद झाले. जळकोटला मात्र प्रचाराला आणखी अकरा दिवस मोकळे होते. कर्णा लावलेली जीप शिवेपाशी थांबवता येते. ते काम एक हवालदारही करू शकतो. पण जळकोटमध्ये मोबाइलवर लिहिलेला संदेश मुखेडला पोहोचायला एक सेकंदही लागत नाही, आणि त्याला वाटेत कोणी हवालदार भेटत नाही.

मग त्याला अडवणार कोण? २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी यावर एक तोड काढण्यात आली. फेसबुक, गूगल, ट्विटर वगैरे कंपन्यांनी निवडणूक आयोगाला एक आचारसंहिता लिहून दिली. प्रचारबंदीच्या काळात आयोगाने एखादा मजकूर नियमाबाहेरचा म्हणून दाखवून दिला, तर कंपन्या त्यावर तीन तासांत कारवाई करतील, असे तिच्यात होते. ही आचारसंहिता स्वेच्छेची होती. संसदेने केलेला तो कायदा नव्हे. कंपन्यांनी दिलेला तो शब्द होता. निवडणुकीसारख्या गोष्टीत चार-दोन कंपन्यांच्या शब्दावर भिस्त ठेवण्याची वेळ का यावी? हे समजण्यासाठी आधी थोडे गणित पाहू या.

समजा, गावात चारच जणांकडे दूरध्वनी आहे. त्यांच्यात किती जोड्या बोलू शकतील? सहा. चाळीस जणांकडे असेल तर? ७८०. आणि चारशे जणांकडे असेल तर ७९,८००. माणसे शंभरपट झाली, पण जोड्या तेरा हजार पटींहून अधिक झाल्या. जाळ्यात माणसे जितकी अधिक, तितके ते जाळे प्रत्येकाच्या अधिक उपयोगाचे. आता चारशे माणसांच्या जाळ्यातून तुम्ही रागाने बाहेर पडलात, तर जाळ्याचे विशेष काही बिघडत नाही. तुमचे मात्र ३९९ जणांशी बोलणे तुटते. दुसऱ्या कोणी नवे, अधिक चांगले जाळे काढले आणि त्यात दहाच माणसे असली, तर त्यात जाऊन तुम्ही बोलणार कोणाशी? म्हणून सगळे एकाच ठिकाणी राहतात. ते ठिकाण उत्तम आहे म्हणून नव्हे, तर बाकीचे सगळे तेथे आहेत म्हणून. शाळेच्या सूचना, भावकीतल्या लग्नाचे निमंत्रण, बाजार समितीतला सोयाबीनचा भाव आणि पुढाऱ्याचे भाषण, सारे एकाच व्हॉट्सॲपवर येते त्याचे कारण हेच.

येथे तुम्ही विचाराल, की साध्या फोनचे तसे का झाले नाही? तुमचे सिमकार्ड एका कंपनीचे आणि मामांचे दुसऱ्या कंपनीचे असले तरी बोलणे होतेच. होते, कारण दूरसंचार कंपन्यांना आपली जाळी एकमेकांना जोडावीच लागतात, तसा नियम आहे. २०११ पासून तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोयही देशभर झाली. संदेश पाठवणाऱ्या ॲपना असा नियम आपल्याकडे लावला गेला नाही.

अशा एकमेव जाळ्यात मालकाच्या हातातली एक छोटीशी कळ किती मोठे काम करते, याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे आणि ते अतिशय दुःखद आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावचा आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे काही लोक तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या भागात मोबाइलवरून पसरलेली होती. जमावाने त्यांना त्याच टोळीतले समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. पाच निरपराध माणसे गेली. त्या वर्षी देशात ठिकठिकाणी असे बळी पडले. त्या काळात फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी केलेल्या जाहिरातीची होती. शेवटचा खुलासा कापून टाकून ती खरी घटना म्हणून पाठवली जात होती.

राईनपाड्यानंतर केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला जाब विचारला. आता अडचण अशी, की २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचे संदेश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध असतात. पाठवणाऱ्याच्या मोबाइलमध्ये मजकुराला कुलूप लागते आणि ते फक्त घेणाऱ्याच्या मोबाइलमध्ये उघडते. मधल्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. जे वाचताच येत नाही त्यातले खोटे निवडून काढणार कसे? कंपनीने मजकुराला हात न लावता संख्येला हात घातला. त्याच महिन्यात तिने जाहीर केले, की भारतात एक संदेश एका वेळी फार तर पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल. इतर देशांत तेव्हा वीस ठिकाणांची मर्यादा आणली जात होती. जानेवारी २०१९ मध्ये पाचचा आकडा साऱ्या जगाला लागू झाला.

वीस आणि पाच यांत असा काय फरक पडतो, असे वाटेल. वर्गात करून पाहण्याजोगा एक खेळ सांगतो. एका डब्यात दहा चिठ्ठ्या ठेवा, त्यांतल्या एकीवर फुली करा. पहिला मुलगा वीस मुलांना 'संदेश' देतो. संदेश मिळालेल्या प्रत्येकाने डब्यातून एक चिठ्ठी काढायची, पाहून परत टाकायची. फुली आली तर त्याने पुढे वीस जणांना संदेश द्यायचा. नाही आली तर गप्प बसायचे. म्हणजे दर दहांतला सरासरी एक जण संदेश पुढे ढकलतो. वीस जणांत सरासरी दोन फुल्या निघतील. ते दोघे चाळीस जणांना देतील आणि त्यांतून चार पुढे ढकलणारे मिळतील. असे १, २, ४, ८ करीत दहाव्या पिढीला १,०२४ ढकलणारे होतात. तुमचा साठ मुलांचा वर्ग तर दोन-तीन फेऱ्यांतच संपून जाईल.

आता तोच खेळ पाचच्या मर्यादेने खेळा. पाच जणांत फुलीची सरासरी अर्धीच. अधिक एक चतुर्थांश, अधिक एक अष्टमांश, अशी ही मालिका कितीही लांबवली तरी सुरुवातीच्या मुलासह एकूण ढकलणारे सरासरी दोनच्या पुढे जात नाहीत. दहापैकी जवळजवळ सहा वेळा तर पहिल्याच फेरीत खेळ संपेल, कारण पाचही जणांची चिठ्ठी कोरी निघण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.५९ इतकी आहे. वीसच्या खेळात असे क्वचितच घडेल. शिक्षकांनी दोन्ही खेळ पाच-सहा वेळा खेळवून आकडे फळ्यावर मांडावेत.

यातली मेख अशी. एका ढकलणाऱ्यामागे सरासरी किती नवे ढकलणारे तयार होतात, ही संख्या एकपेक्षा मोठी असेल तर संदेश वणव्यासारखा पसरतो, एकपेक्षा लहान असेल तर विझतो. एक हा उंबरठा आहे. करोनाच्या साथीत हीच संख्या वर्तमानपत्रांत येत असे. तेथे ढकलणाऱ्याऐवजी रोगी होता, एवढाच फरक.

पण आपण एक गोष्ट विसरलो. 'पाच ठिकाणी' म्हणजे पाच माणसांना असे नव्हे. ते तेव्हा पाच ग्रुपही असू शकत. प्रत्येक ग्रुपमध्ये शंभर माणसे धरा. संदेश पाचशे जणांकडे गेला. शंभरात एकानेच तो पुढे पाठवला, तरी नवे ढकलणारे पाच झाले. उंबरठा केव्हाच ओलांडला! काही माणसे एकाहून अधिक ग्रुपांत असतात, म्हणून खरा आकडा थोडा कमी येईल, पण मुद्दा बदलत नाही. ब्राझील, भारत आणि इंडोनेशिया या देशांतील खुल्या ग्रुपांवरचे संदेश तपासून संशोधकांनी २०१९ मध्ये हेच दाखवले: मर्यादेमुळे प्रसार मंदावतो, पण झपाट्याने पसरणारा मजकूर अडत नाही. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने आणखी एक पाऊल टाकले. पाच किंवा अधिक हातांतून आलेल्या संदेशावर दोन बाणांची खूण येते. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे तिने ठरवले. आपल्या हिशेबाने एक ग्रुप, शंभर माणसे आणि शंभरात एक ढकलणारा म्हणजे बरोबर एक, अगदी उंबरठ्यावर. असे संदेश सत्तर टक्क्यांनी घटले, असे त्यानंतर कंपनीने सांगितले.

पुढे काय झाले पाहा. २०१८ मध्ये एका ग्रुपमध्ये फार तर २५६ माणसे बसत. २०२२ मध्ये कंपनीने ही मर्यादा आधी ५१२ आणि मग १,०२४ केली. हजार माणसांच्या एकाच ग्रुपात शंभरात एक ढकलणारा असेल, तर नवे ढकलणारे दहा होतात. एका कळीने जे आवळले होते ते दुसऱ्या कळीने सैल झाले. दोन्ही कळा एकाच हातात आहेत.

राईनपाड्याचा विचार केला तर पाचचा आकडा चांगल्या हेतूने आला, यात शंका नाही. परंतु ही कळ आंधळी आहे, हेही लक्षात घ्या. मुले पळवल्याची अफवा पाच ठिकाणी थांबते, तशीच सोयाबीनला भाव द्या म्हणून काढलेल्या मोर्चाची हाकही पाचच ठिकाणी थांबते. सत्ताधाऱ्याचे भाषण, विरोधकाचे उत्तर, गावच्या पाणीटंचाईची तक्रार, सगळ्यांना तेच माप. शिवाय ज्याच्याजवळ पगारी माणसे आहेत आणि आधीच बांधून ठेवलेले शेकडो ग्रुप आहेत, त्याला ही मर्यादा फारशी जाचत नाही. ती जाचते एकट्या माणसाला. कोट्यवधी भारतीयांच्या राजकीय बोलण्याचे हे माप ना विधानसभेत ठरले, ना लोकसभेत. ते अमेरिकेतल्या एका कंपनीच्या कचेरीत ठरले. इतरत्रही असेच दिसते. जानेवारी २०२१ मध्ये ट्विटरने अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांचे खाते बंद केले. २०२२ मध्ये कंपनीचा मालक बदलला आणि थोड्याच दिवसांत ते पुन्हा उघडले.

आता ज्या सेवांना मजकूर वाचता येतो त्यांचे पाहू. फेसबुक, यूट्यूब यांच्यावर दररोज इतके लिखाण येते की माणसांनी ते वाचणे अशक्य. ते काम यंत्राला शिकवावे लागते: हजारो नमुने द्यायचे, हे द्वेषाचे, हे शिवीगाळीचे, हे निरुपद्रवी, असे सांगायचे आणि यंत्राने त्यावरून अंदाज बांधायचा. मराठीसाठी असा नमुनासंग्रह फार उशिरा झाला. पुण्याच्या एलथ्री-क्यूब या गटाने पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्वीट निवडून, त्यांवर माणसांकडून खुणा करून घेऊन २०२२ मध्ये 'महाहेट' नावाचा संग्रह प्रसिद्ध केला.

मराठीत अडचण काय आहे? आपल्या निवडणुकीच्या बातम्या आठवा. अमक्याने तमक्याला धूळ चारली. चारी मुंड्या चीत केले. खिंडीत गाठले. पाणी पाजले. नांगी ठेचली. शब्दशः घेतले तर हे सगळे पोलिसांत वर्दी देण्याजोगे! प्रत्यक्षात कोणाच्या केसालाही धक्का लागलेला नसतो. (हा वाक्प्रचारही यंत्राला समजावून सांगावा लागेलच.) उलट एखादा साधा दिसणारा शब्द, एखाद्या वस्तीचे नाव, विशिष्ट सुरात लिहिले की जातीवरून केलेला घोर अपमान ठरतो, गावातल्या माणसाला तो लगेच टोचतो, यंत्राला कळतही नाही.

समजा, तरीही यंत्र फार हुशार निघाले आणि शंभरातले ९५ निर्णय बरोबर देऊ लागले. दहा लाख मजकूर आले आणि त्यांतले शंभरात एक, म्हणजे दहा हजार खरोखर वाईट आहेत असे धरा. यंत्र त्यांतले ९,५०० पकडेल. उरलेल्या ९,९०,००० निरुपद्रवी मजकुरांपैकी शेकडा पाच, म्हणजे ४९,५०० मात्र ते चुकून पकडेल. पकडलेले एकूण ५९,०००, आणि त्यांतले सहातले पाच निर्दोष! शंभरात ९५ गुण मिळवणारे यंत्र आणि ही अवस्था. कारण उघड आहे. वाईट मजकूर एकूण मजकुरात थोडा असतो, म्हणून चुकीचा लहान हिस्साही फार मोठ्या ढिगातून काढला जातो. तपासाला आलेल्या दुर्मिळ रोगाच्या चाचणीतही डॉक्टरांना हाच हिशेब मांडावा लागतो.

मग कंपनीला बाजूला सारून सरकारनेच ठरवावे, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्राने तेही पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर या बंदविषयी प्रश्न उपस्थित केला, दुसरीने तो मजकूर पसंत केला. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम त्यात लावले होते. हे प्रकरण पाहून श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. पुढे २०२३ मध्ये केंद्राने नियम केला, की सरकारी कामकाजाविषयीचा कोणता मजकूर खोटा हे केंद्राचाच एक तपासणी-कक्ष सांगेल. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. दोन न्यायाधीशांचे जानेवारी २०२४ मध्ये एकमत झाले नाही. तिसरे न्यायाधीश अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये हा नियम घटनेत बसत नाही असे मत दिले आणि तो रद्द झाला.

या खटल्यात कंपन्यांची स्थिती कशी होती ते पाहा. लोकांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल कंपनीला जबाबदार धरू नये, असे कायद्याच्या ७९ व्या कलमात संरक्षण आहे. कक्षाने खोटा ठरवलेला मजकूर कंपनीने तसाच ठेवला, तर हे संरक्षण जाण्याचा धोका. काढून टाकला तर धोका काहीच नाही. तुम्ही कंपनीचे व्यवस्थापक असता तर काय केले असते? म्हणजे जाळे एकच असले की सरकारचेही काम सोपे होते. हजार दरवाज्यांवर पहारा बसवणे अवघड; एकाच दरवाज्यावर बसवणे सोपे. बाजारातली मक्तेदारी आणि बोलण्यावरचा अंकुश हे दोन वेगळे धडे वाटतात, पण ते एकाच पानावर येतात ते असे.

मक्तेदारीच्या बाजूनेही प्रयत्न झाले आहेत. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी काढल्या: आमची माहिती-वाटपाची पद्धत मान्य करा, नाहीतर सेवा सोडा. सोडून जायचे कोठे, हा आपला जुना प्रश्न. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हा प्रभुत्वाचा दुरुपयोग ठरवून मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. पुढच्या वर्षी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. जाहिरातींसाठी माहिती वाटून घेण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी मात्र काढून टाकली. युरोपीय संघाने निराळी वाट धरली. २०२२ च्या डिजिटल बाजार कायद्याने मोठ्या संदेश-सेवांना आपले जाळे बाहेरच्या लहान सेवांसाठी उघडणे भाग पाडले: आधी दोन व्यक्तींमधले संदेश, नंतर ग्रुप, नंतर बोलणे. म्हणजे सिमकार्डासारखेच. यात कुलपांची अडचण आहे, कारण दोन निरनिराळ्या सेवांच्या मोबाइलना एकमेकांची कुलपे उघडता आली पाहिजेत आणि मध्ये कोणाला किल्ली मिळता कामा नये.

दुसरी अडचण आपल्या चिठ्ठ्यांच्या खेळातूनच दिसेल. समजा, दोन सेवा जोडल्या गेल्या. एकीत मर्यादा पाच, दुसरीत वीस. कोणाचाही संदेश निम्मा या सेवेतल्या माणसांकडे आणि निम्मा त्या सेवेतल्या माणसांकडे जातो, आणि पूर्वीप्रमाणेच दहांत एक जण तो पुढे पाठवतो. एका ढकलणाऱ्यामागे नवे ढकलणारे सरासरी किती? पाच आणि वीस यांची सरासरी साडेबारा, तिचा दहावा भाग १.२५. वर्गाचे दोन गट करून हे खेळून पाहा, आणि वीसचा आकडा किती खाली आणला म्हणजे ही संख्या बरोबर एकवर येते, ते काढा.